शेणाची पाटी आणि युरियाची गोणी

दरवर्षी मृगाच्या तोंडावर आपले कार्यकर्ते तहसील कचेरीवर मोर्चा नेतात. युरिया छापील किमतीत मिळालाच पाहिजे, युरियाबरोबर नको असलेला माल गळ्यात मारण्याचा दुकानदारांचा ‘लिंकिंग’चा धंदा बंद झाला पाहिजे, साठेबाजांवर गुन्हे दाखल झाले पाहिजेत, अशा त्या मोर्चाच्या मागण्या असतात. त्या रास्त आहेत आणि यापुढेही त्या करीत राहिले पाहिजे. परंतु आपली मागणीपत्रके एकापुढे एक ठेवून वाचली तर एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. खत म्हणजे गोणीतील खत, हे कृषिखात्याप्रमाणे आपणही गृहीत धरून बसलो आहोत. शेणखताविषयी आपल्या मागणीपत्रकांत एक ओळ सापडत नाही. तो विषय आपण प्रथम गांधीवादी मंडळींकडे सोपवला, आणि अलीकडे गाईच्या नावाने राजकारण करणाऱ्यांना तो आंदण दिला. त्यात आर्थिक प्रश्न आहे, वर्गाचा प्रश्न आहे, याची दखल घेण्याचे आपल्याला सुचलेच नाही.

भाजीपाल्याच्या शेतीत हा प्रश्न सर्वांत ठळकपणे दिसतो. ज्वारी-बाजरीला शेणखत मिळाले नाही तर शेतकरी हळहळतो. टोमॅटो, मिरची, वांगी, कांदा लावणारा मात्र शेणखताविना लागवडच करीत नाही. घरचे नसेल तर विकत आणतो, हातउसने पैसे काढून आणतो. कृषी विद्यापीठांची शिफारसही हेक्टरी वीस टनांच्या आसपासची, म्हणजे एकरी आठ टनांची आहे. तेव्हा हिशेबाला येथूनच सुरुवात करू.

चांगल्या कुजलेल्या शेणखतात सरासरीने शेकडा ०.५ नत्र, ०.२ स्फुरद आणि ०.५ पालाश असते. म्हणजे एक टन शेणखतात पाच किलो नत्र, दोन किलो स्फुरद आणि पाच किलो पालाश. युरियात शेकडा ४६ नत्र असते, त्यामुळे पंचेचाळीस किलोच्या एका गोणीत पावणेएकवीस किलोंच्या आसपास नत्र भरते. या गोणीची सरकारने बांधून दिलेली किंमत कर आणि निंबोळी-लेपनाचा खर्च वगळता २४२ रुपये आहे. भागाकार केला तर नत्राचा दर किलोला पावणेबारा रुपये पडतो. या दराने टनभर शेणखतातील नत्राची किंमत किती? साठ रुपयेसुद्धा नाही!

आता दुसरा आकडा घ्या. जून २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने युरियाच्या अनुदानाला मंजुरी दिली, तेव्हा सरकारनेच सांगितले की या गोणीचा खरा खर्च २,२०० रुपयांच्या घरात आहे. त्या दराने नत्र किलोला १०६ रुपये पडते आणि टनभर शेणखतातील नत्राचे मोल ५३० रुपये होते. म्हणजे गोणीवर अनुदानाचा हात ठेवून सरकारने उकिरड्यावरील नत्राचे मोल नऊ-दशांशाने खाली आणले. तसा हेतू कोणाचा नव्हता हे मान्य. पण ज्या बाईने वर्षभर रोज पहाटे गोठा झाडून शेणाची पाटी डोक्यावरून उकिरड्यापर्यंत नेली, तिच्या श्रमाचा भाव या व्यवहारात कोणी पाडला, हा प्रश्न हेतूने सुटत नाही.

प्रत्यक्षात शेणखत साठ रुपये टनाने कोठेच मिळत नाही. भराईची मजुरी आणि गाडीभाडे मिळूनच त्याच्या कितीतरी पट रक्कम होते. येथे रासायनिक खताचा कैवारी म्हणेल की शेतकरी मग अडाणीच म्हणायचा. पाच किलो नत्रासाठी एवढे पैसे मोजणारा दुसरा कोण? शेतकरी अडाणी नाही. तो नत्र विकत घेत नसतो, तो जमीन विकत घेत असतो. काळी जमीन सलग पाणी आणि नुसती गोणी यांवर पाच-सात वर्षे ठेवली की ती दगडासारखी आवळते, पाणी धरीत नाही आणि सोडीतही नाही, रोपांच्या पांढऱ्या मुळ्या चालत नाहीत. हे नुकसान शेतकरी डोळ्यांनी पाहतो. आठ टन शेणखताने जमिनीला जो भुसभुशीतपणा येतो त्याचा भाव कोणत्याही दुकानात लिहिलेला नाही, म्हणून अर्थशास्त्रज्ञांच्या तक्त्यातही तो येत नाही.

तथापि शेणखताच्या भक्तांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शेणखतातील नत्रापैकी पहिल्या पिकाला साधारणतः तीस टक्केच मिळते. स्फुरद साठ ते सत्तर टक्के, पालाश पाऊणशे टक्के. हेक्टरी वीस टन घातले तरी नत्र शंभर किलो, आणि त्यातले पहिल्या हंगामात पिकाच्या तोंडी लागणारे तीस किलो. संकरित टोमॅटोची भूक याच्या कितीतरी पट असते. तेव्हा गोणी उद्यापासून बंद करा असे सांगणारा माणूस भाजीवाल्या शेतकऱ्याचा मित्र नव्हे. शंभर किलो नत्र पाच गोण्यांत मावते आणि मोटारसायकलच्या तीन फेऱ्यांत घरी येते. तेच शेणखतातून आणायचे तर सहा-सात ट्रॉल्या लागतात, त्या भरायला आणि पसरायला माणसे लागतात. श्रम वाचवणारी वस्तू म्हणून युरियाचे यश आहे, आणि श्रमिकांच्या पक्षाने त्याला नाके मुरडू नयेत.

मग आपला आक्षेप कशाला आहे? तो कळण्यासाठी शेणखत येते कोठून हे पाहावे लागेल.

एका जनावराचे दिवसाला सरासरी दहा किलो ओले शेण धरले तर वर्षाचे साडेतीन टनांवर जाते. चरायला जाणाऱ्या जनावराचे निम्मे शेण रानात पडते. उरलेल्यातले काही गोवऱ्यांत जाते, काही सारवणात, आणि कुजताना वजन घटते ते वेगळेच. एका जनावरामागे वर्षाकाठी टनभर चांगले खत हाती लागले तरी पुष्कळ झाले. या ढोबळ हिशेबाने टोमॅटोच्या एका एकराला आठ जनावरांचा वर्षाचा उकिरडा लागतो. भाजी पिकवणाऱ्या किती शेतकऱ्यांच्या दावणीला एकरी आठ जनावरे आहेत? दुधाच्या पट्ट्यांतील संकरित गाईंचे मोठे गोठे सोडले तर बागाइतदाराच्या घरून बैल केव्हाच गेले; ट्रॅक्टर आला आणि बैलांची वैरण, त्यांची राखण, त्यांचे शेण सगळेच एकदम संपले. ज्यांना पाणी आहे त्यांच्याकडे जनावरे उरली नाहीत, आणि ज्यांच्याकडे चार जनावरे आहेत त्यांना पाणी नाही.

म्हणून एप्रिल-मे महिन्यांत दुष्काळी तालुक्यांतील रस्त्यांवर शेणखताने भरलेले ट्रक आणि ट्रॉल्या बागाइताच्या दिशेने जाताना दिसतात. विकणारा कोण असतो? दोन जनावरांचा धनी, तीन-चार एकर जिराइताचा मालक, पेरणीच्या आणि शाळेच्या खर्चासाठी रोख पैशाला महाग झालेला. मागच्या पिढीत त्याचा बाप हे खत स्वतःच्या ज्वारीच्या वावरात आळीपाळीने टाकीत असे. दर तीन वर्षांनी एका तुकड्याची पाळी येई. आता ते वावर उपाशी राहते आणि त्याचा कस ट्रकमधून दुसऱ्याच्या भाजीच्या मळ्यात जातो. त्या वावरात पुढे ज्वारी कमी येते, कडबा कमी होतो, कडबा कमी झाला की एक जनावर विकावे लागते, आणि पुढच्या वर्षी उकिरडा आणखी लहान होतो. जिराइताकडून बागाइताकडे पाणी, पैसा आणि माणसे ओढली जातात याविषयी आपण ठराव केले आहेत. जमिनीचा कस ओढला जातो याविषयी मात्र कधी केला नाही.

या व्यवहाराचे मापही पाहण्यासारखे आहे. वजन कोणी करीत नाही, माप ट्रॉलीचे. घेणारा फळ्या लावून वाढवलेली ट्रॉली आणतो, देणारा ढिगाखाली माती ढकलतो किंवा आदल्या रात्री पाणी मारतो. एकमेकांना फसवणारे हे दोघेही शेतकरीच, आणि मधला दलाल दोघांकडून कमावतो. कांद्याला निदान बाजार समिती आहे, वजनकाटा आहे, हिशेबपट्टी आहे. शेणखताला यांतले काहीच नाही.

आणि ज्या श्रमातून हा ढीग उभा राहतो तो श्रम कोणाच्या खात्यावर आहे? गोठा झाडणे, शेण उचलणे, गोवऱ्या थापणे ही बायकांची आणि पोरींची कामे. विक्रीचे पैसे मात्र पुरुषाच्या हाती पडतात. शेणाचा कोणता भाग चुलीला आणि कोणता शेताला, हे तीच बाई रोज ठरवत असते, आणि ते सरपणावर अवलंबून असते. डॉ. व्होल्कर नावाच्या इंग्रज रसायनतज्ञाने १८९३ च्या आपल्या अहवालात हेच सांगितले होते: हिंदुस्थानातला शेतकरी शेण जाळतो ते अज्ञानाने नव्हे, लाकूड मिळत नाही म्हणून, सरपणाची आणि चाऱ्याची राने राखा, शेण आपोआप शेतात जाईल. २०१६ पासून ‘उज्ज्वला’ योजनेने चुलीजवळ सिलिंडर आणले. परंतु सिलिंडर पुन्हा भरण्याची ऐपत ज्या घरात नाही तेथे भिंतीवर गोवऱ्या थापलेल्या आजही दिसतात. (योगायोग असा की तुर्भ्याच्या सरकारी कारखान्याच्या युरियाचे नावही ‘उज्ज्वला’च होते. दोन उज्ज्वलांच्या मध्ये शेणाची पाटी अडकलेली आहे.)

जनावरेच कमी होत चालली आहेत हे आणखी एक दुखणे. २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गाई-बैल मिळून सुमारे १ कोटी ५५ लाख होते. २०१९ च्या गणनेत ते १ कोटी ४० लाखांच्या आसपास आले. याला यांत्रिकीकरण कारण आहे, वैरणीची टंचाई कारण आहे, आणि कायदाही कारण आहे. गोवधबंदीचा राज्याचा कायदा १९७६ चा. त्यात बैल आणि वळू यांचीही भर घालणारी दुरुस्ती २०१५ मध्ये अमलात आली. कामाला न येणारा बैल विकून त्यात थोडी भर घालून नवा बैल घ्यायचा, हे शेतकऱ्याचे भांडवल फिरते ठेवण्याचे साधन होते. ते मोडले. भाकड आणि म्हातारे जनावर खुंट्यावर ठेवून त्याला वैरण कोण घालणार? ज्या कायद्याचे समर्थन गोमय-गोमूत्राच्या गुणगानाने केले गेले, त्यानेच गरिबाला जनावर पाळणे जड करून ठेवले, हे कार्यकर्त्यांनी गावात उघडपणे बोलले पाहिजे. मुसलमान खाटकाची बाजू घेतल्याचा आरोप होईल, होऊ द्यावा. ही बाजू बैल पाळणाऱ्याचीही आहे.

गायरानांचा प्रश्न अधिक अवघड आहे. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हाच सांगून ठेवले होते की जंगलखात्याने डोंगर आणि चराऊ राने ताब्यात घेतल्यामुळे शेतकऱ्याचे जनावर उघडे पडले, आणि जनावर गेले की शेताचे खत गेले. पावसाच्या पाण्याबरोबर वाहून येणारा पालापाचोळा व जनावरांचे मलमूत्र शेतातच मुरावे म्हणून ताली-बंधारे बांधा, असा त्यांचा आग्रह होता. जमिनीचा कस हा राज्यसत्तेच्या धोरणाचा प्रश्न आहे ही दृष्टी त्यांना होती. आज गायरानांवर सरकारी सौरऊर्जा प्रकल्पांची तावदाने उभी राहत आहेत. त्याला विरोध करताना आपण एक भान राखले पाहिजे. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांपासून दलित कुटुंबांनी गायराने कसायला घेतली आहेत. ‘गाईसाठी गायरान मोकळे करा’ ही घोषणा ज्या गावात निघते तेथे तिचा रोख बहुधा त्यांच्यावर असतो. त्या घोषणेत आपण सामील होता कामा नये.

धनगरांच्या वाड्यांची गोष्ट तर आपण विसरूनच गेलो. पाऊस उघडला की मेंढरांचे कळप देशावरून कोकणाकडे आणि नदीकाठच्या गावांकडे निघत. शेतकरी त्यांना बोलावून रात्री वावरात मेंढरे बसवून घेई आणि बदल्यात धान्य किंवा पैसे देई. लेंडीखतात शेणखताच्या कितीतरी पट नत्र असते, शिवाय मूत्र जागच्या जागी मुरते, आणि वाहतुकीचा खर्च शून्य, कारण खत स्वतःच्या पायांनी चालत शेतात येते! याहून स्वस्त व्यवस्था कोणत्याही कृषितज्ञाने शोधून काढलेली नाही. परंतु बारमाही बागाईत झाले, वावरे मोकळी राहीनात, रस्त्यांवर वाहने वाढली, वनखात्याचा दंड वाढला. मेंढपाळाला वाटेत मार खावा लागतो आणि त्याची तक्रार नोंदवायलाही कोणी नसते. मेंढपाळाला चराईचा आणि वाटेचा हक्क मिळणे ही भाजी पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्याही हिताची मागणी आहे, हे त्या दोघांनाही अजून कोणी सांगितलेले नाही.

लेंडीखताची जागा आता कोंबडीखताने घेतली आहे. त्यात नत्र शेकडा तीनपर्यंत असते आणि ते झटपट लागू पडते, म्हणून भाजीवाल्यांची त्यावर झडप असते. न कुजवता टाकले तर रोपे करपतात ही गोष्ट वेगळी. पण ते खत ज्या शेडमधून येते तेथला करार वाचावा. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे, वाढलेली कोंबडीही कंपनीची. शेड, वीज, पाणी आणि रात्रंदिवसाची राखण शेतकऱ्याची. त्याबद्दल किलोमागे ठरलेला संगोपनाचा दर, आणि तळाला साचलेली विष्ठा. कित्येक शेडवाल्यांची खरी शिल्लक त्या विष्ठेच्या विक्रीतच असते. भांडवलदारी शेतीचे याहून नेमके चित्र शिबिरात बौद्धिक घेणाऱ्याला शोधूनही सापडणार नाही.

आता कुळाचा प्रश्न. शेणखताचा गुण तीन-चार वर्षे पुरतो हे वर आलेच. त्यामुळे जो एका हंगामासाठी जमीन कसतो तो ते टाकणार नाही. त्याने पैसे घालायचे आणि फळ पुढच्याने खायचे. कूळकायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ या कृषिदिनी ‘कसेल त्याची जमीन’ कायद्याच्या भाषेत आली. त्या कायद्याने लाखो कुळे मालक झाली, आणि त्याच्या धाकाने पुढची कुळे अदृश्य झाली. आज भाजीपाल्याच्या पट्ट्यांत खंडाने, ठोक्याने, अर्धेलीने जमीन कसणारे भूमिहीन आणि अल्पभूधारक पुष्कळ आहेत, पण कागदावर एकही नाही. करार तोंडी आणि एका पिकापुरता. असा कसणारा युरिया टाकतो, कोंबडीखत टाकतो, दोन-तीन वर्षांत जमीन पिळून निघते आणि मालक दुसरा माणूस पाहतो. जमीन नापीक झाल्याचा दोष मग युरियाला दिला जातो. तो युरियाचा कमी आणि तोंडी खंडाचा जास्त आहे. फुल्यांनी ‘असूड’ लिहिला त्याच १८८३ साली इंग्लंडमध्ये कायदा झाला, की कूळ जमीन सोडून जाताना त्याने घातलेल्या आणि अजून न संपलेल्या खताची भरपाई मालकाने दिली पाहिजे. रॉथॅमस्टेडच्या लॉझ आणि गिल्बर्ट या शास्त्रज्ञांनी कोणत्या खताचा किती अंश कितव्या वर्षी उरतो याचे तक्ते त्यासाठी तयार केले. जमीनदारांच्या पार्लमेंटला जे एकशेचाळीस वर्षांपूर्वी सुचले, ते आपल्या विधानसभेत समाजवाद्यांनीही कधी मांडले नाही.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. १९८१-८२ पासून राष्ट्रीय गोबरगॅस योजना चालली. कल्पना उत्तम होती: शेण जाळावेही आणि शेतात टाकावेही, कारण गॅस निघून गेल्यावर रबडीत नत्र शिल्लक राहते. पण एक घनमीटर गॅसला रोजचे पंचवीस किलो शेण लागते, आणि कुटुंबाच्या स्वयंपाकाला दोन घनमीटर. म्हणजे रोजचे पन्नास किलो शेण, चार-पाच जनावरे, शिवाय पाणी आणि अंगणात जागा. दोन जनावरांच्या घराला ती योजना पहिल्या दिवसापासून बंद होती. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या नाडेपकाकांची, म्हणजे नारायणराव पांढरीपांडे यांची टाकी गरिबाला अधिक सोयीची. शंभरेक किलो शेण, बाकी काडीकचरा आणि माती, आणि तीन-चार महिन्यांत अडीच-तीन टन खत. २००५ च्या रोजगार हमी कायद्याखाली अशा टाक्या बांधून देण्यात आल्या. मजुरी मिळाली ती विटा रचण्याची. काडीकचरा गोळा करून टाकी भरायची, पाणी मारायचे, ती कोरडी पडू द्यायची नाही, हे खरे काम. त्याची मजुरी शून्य. परिणामी कित्येक टाक्यांत आज कडबा ठेवलेला दिसतो.

आणि अलीकडचा निर्णय. जून २०२३ च्या ज्या बैठकीत युरियाला तीन वर्षांसाठी ३ लाख ६८ हजार कोटींहून अधिक रक्कम मंजूर झाली, त्याच बैठकीत ‘गोबरधन’ प्रकल्पांतून निघणाऱ्या सेंद्रिय खताला टनामागे १,५०० रुपये साहाय्य देण्यासाठी १,४५१ कोटी ८४ लाख ठेवले गेले. अडीचशे रुपयांमागे एक रुपया! बरे, तो एक रुपयासुद्धा प्रकल्पातून निघालेल्या खताला आहे. शेण तेच, कस तोच; पण ते कारखानदाराच्या टाकीतून बाहेर पडले तर त्याला सरकारी मोल, आणि बाईच्या उकिरड्यावरून उचलले तर काहीच नाही.

झिरो बजेटच्या प्रचाराविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण आपले काही तरुण कार्यकर्ते त्याकडे ओढले जात आहेत. एका देशी गाईवर तीस एकर शेती होते असे सुभाष पाळेकर सांगतात. जीवामृत हे खत नसून विरजण आहे, ते जमिनीतील जीवाणूंना चेतवते, असे त्यांचे म्हणणे आहे. बाजारातली निविष्ठा नाकारण्याचा त्यातला हट्ट आम्हांला आवडतो. परंतु दहा किलो शेणात नत्र तीस-चाळीस ग्रॅम असते, आणि भाजीचे पीक दर हंगामाला शेतातून कित्येक किलो नत्र, स्फुरद आणि पालाश बाजारात घेऊन जाते. विरजण कितीही चांगले असले तरी दूध हवेच ना! दूध कोठून आणायचे हा प्रश्न त्या शास्त्रात सुटलेला नाही. शिवाय शेतकऱ्याचा खर्च शून्य आहे असे एकदा ठरले की हमीभावाची मागणीही शून्यावर आणता येते, हे राज्यकर्त्यांच्या ध्यानात आले नसेल असे समजण्याइतके आपण भोळे नाही.

मग मागणी काय करायची? युरियाचे अनुदान काढा असे आपण म्हणणार नाही. ते म्हणायला जागतिक बँक समर्थ आहे. आपले म्हणणे एवढेच असावे की समाज नत्रासाठी पैसे मोजत असेल, तर नत्र गोणीतले की उकिरड्यावरचे हा भेद त्याने करू नये. जिराइतातील जो अल्पभूधारक आपले शेणखत आपल्याच शेतात टाकील त्याला टनामागे रोख साहाय्य मिळावे, आणि ते त्या घरातील बाईच्या नावावर जमा व्हावे. मोजणी कठीण आहे, लबाडी होईल, हे आक्षेप येतील. युरियाच्या गोण्या प्लायवूडच्या कारखान्यांत जातात, तेव्हा मोजणी कोठे असते? खड्डे आणि टाक्या भरण्याचे काम रोजगार हमीच्या मजुरीत धरावे. गोठ्याला फरशी आणि मूत्राला नाली यांसाठी साहाय्य द्यावे, कारण जनावराच्या नत्राचा मोठा भाग मूत्रात असतो आणि तो आज मातीत जिरून फुकट जातो. बाजार समितीच्या आवारातील वजनकाटा शेणखताच्या ट्रॉलीलाही खुला करावा. आणि तोंडी कुळांची नोंद व्हावी, त्यांच्या खताला भरपाईचा हक्क मिळावा. ही शेवटची मागणी आपल्याच काही सभासदांना झोंबणार आहे, कारण त्यांच्याही जमिनी ठोक्याने दिलेल्या आहेत.

मुंबईच्या तबेल्यांचाही विचार याच ओघात व्हायला हवा. शहराची घाण बाहेर काढावी म्हणून १९४९ साली आरे वसाहत झाली. तरीही पश्चिम उपनगरांत खासगी तबेले राहिले आणि त्यांचे शेण वर्षानुवर्षे दहिसर, पोयसर, ओशिवरा या नद्यांत धुऊन सोडले गेले. वसईच्या वाड्या तेथून हाकेच्या अंतरावर. पण ओल्या शेणात चार-पंचमांश पाणी असते. ते वाहून नेण्याचे भाडे त्याच्या मोलापेक्षा जास्त पडते, आणि नदीत सोडायला भाडे पडत नाही. नदी साफ करण्यावर महापालिका जो खर्च करते त्याचा एक हिस्सा ते शेण वाळवून वाड्यांपर्यंत पोचवण्यावर खर्च झाला असता, तर दोन्ही कामे झाली असती.

एक अडचण मात्र प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण जिल्हा शिबिरात ती निघणारच. जिराइतातले शेणखत जिराइतातच राहिले, तर भाजी पिकवणाऱ्या दीड-दोन एकराच्या शेतकऱ्याला ते महाग पडेल. तोही आपलाच आहे. टोमॅटोचा भाव पडला की तो माल रस्त्यावर ओततो, आणि त्या मालात त्याने आधीच घातलेले आठ टन शेणखत असते. त्याला स्वस्त शेणखत द्यायचे म्हणजे दुष्काळी वावराचा कस त्याच्या पदरात टाकायचा. ते नाकारायचे म्हणजे त्याला पुन्हा गोणीच्या दारात उभे करायचे. ही कोंडी एका ठरावाने फुटणारी नाही. माझे स्वतःचे मत असे आहे की बाजू घ्यायचीच झाली तर प्रथम जिराइताची घ्यावी, आणि भाजीवाल्याला शहराचा ओला कचरा, बाजार समितीत सडणारा पाला व तबेल्याचे शेण यांपासून केलेले खत सरकारी खर्चाने त्याच्या बांधावर पोचवावे. ज्या शहराने त्याची भाजी खाल्ली, त्याच शहराकडे त्याच्या जमिनीचे देणे आहे. पण हे मत पुणे-नाशिकच्या भाजीपट्ट्यातील साथींना मान्य होईल असे नाही. त्यांनी आपला हिशेब घेऊन यावे, आणि माण-जत-आटपाडीच्या साथींनी आपला. येताना दोघांनीही घरातल्या बाईला वर्षात किती पाट्या शेण उचलले ते विचारून यावे. तो आकडा आजवर आपल्या कोणत्याही अहवालात आलेला नाही.